सापळा टांगला, पण पतंग मोजले का?

राजेहो, पोळा जवळ आला की मी गावात एकच विचारत फिरतो, कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात पतंग किती? उत्तर ठरलेलं, 'लावला आहे ना भाऊ'. अरे लावलेला दिसतोच आहे! मागच्या हंगामात एका वावरात पिशवी सोडून पाहिली तर तळाला मेलेल्या पतंगांचा काळा लगदा, वर कोळ्याचं जाळं, ल्यूर (पतंगाला ओढणारी वासाची वडी) आषाढात टांगलेली तीच, आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, ओळीओळीला डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं). पहिली वेचणी कशीबशी निघाली, पुढची बोंडं सगळी कवडी, म्हणजे किडकी, नीट न फुटलेली.

गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजतं, मग वरून काहीही मारा, तिला लागत नाही. अळी या पतंगांच्याच अंड्यांतून येते, म्हणून आधी पतंग मोजायचे. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, पीक वाढलं की तेही वर सरकवा. रोज सकाळी मोजा, कॅलेंडरवर लिहा, पिशवी रिकामी करा. एका सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग 3 दिवस आले की फवारणीची वेळ झाली. सोबत एकरातून 20 हिरवी बोंडं फोडून बघा, 2 किडकी म्हणजे 10 टक्के, थांबू नका. ल्यूर 3-4 आठवड्यांनी बदला, तंबाखूच्या हातानं धरू नका.

क्रॉपसॅपचे (सरकारच्या कीड-रोग सर्वेक्षणाचे) आकडे, कृषी विभागाचे मेसेज जरूर बघा, पण ती मोजणी निवडलेल्या प्लॉटमधली, तुमच्या वावरातली नाही. माझा आपला अंदाज, अमावस्येच्या आसपास पतंग वाढतात, त्या आठवड्यात मी मोजणी चुकवत नाही.

बाकी कामं:
- डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करणे
- साचलेलं पाणी काढणे
- सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क

पातळी ओलांडली तरच इमामेक्टीन बेन्झोएट 5 टक्के एकरी 88 ग्रॅम किंवा प्रोफेनोफॉस 50 टक्के 400 मिली, दोन्हीतलं एकच. कृषी केंद्रवाला सोबत टॉनिक अन् आणखी दोन बाटल्या काढेल, मलाही एकानं असंच तीन हजाराचं बिल लावलं होतं, सापळ्यात तेव्हा पतंग दोन होते. औषधांची खिचडी करू नका, 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडी फवारू नका.

आणि फरदड (वेचणी झाल्यावर तेच पीक पुढे ठेवणं) नको, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा.