विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

भरलेले फॉर्म तपासताना एक फॉर्म हातात आला. प्रश्नावली पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणं मोजणारे नऊ प्रश्न. पहिल्या आठ प्रश्नांना ‘अजिबात नाही’वर खुणा. नवव्याला आधी ‘काही दिवस’वर खूण केलेली, मग ती गिरवून खोडलेली आणि पुन्हा ‘अजिबात नाही’. हा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. फॉर्मवर नाव नव्हतं, आणि तो भरून तीन आठवडे उलटले होते. त्या विद्यार्थ्यापर्यंत पोचायचा कुठलाच मार्ग आमच्याकडे नव्हता.

उत्तर आलं तर काय करायचं हे न ठरवता प्रश्न विचारणं, ही मला सगळ्यात गंभीर चूक वाटते. नववा प्रश्न ठेवणार असाल तर फॉर्म त्याच दिवशी कोण वाचणार आणि समुपदेशक कधी भेटणार हे आधी पक्कं करा. निनावी फॉर्ममध्ये माग काढता येत नाही. म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, त्याची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. ‘जिवाला धोका दिसला तर आम्ही संपर्क करू’ हे फॉर्मच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा. एवढं जमणार नसेल तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ घ्या.

फॉर्म वर्गात भरून घेऊ नका. बाकावर खेटून बसलेल्या मुलीचा डावा तळहात कागदावर आडवा असतो, तेव्हा ती खरं लिहीत नसते. शिवाय जे सर्वांत जास्त खचलेत ते बऱ्याचदा वर्गात येतच नाहीत. त्यांच्यापर्यंत लिंक वेगळी पोचवा. आणि निनावी म्हणवणारा ऑनलाइन फॉर्म मुकाट्याने ईमेल नोंदवत नाही ना, तेही बघा.

‘तुम्ही नियमित व्यायाम करता आणि पुरेशी झोप घेता का?’ हे दोन प्रश्न आहेत, आणि ‘नियमित’ प्रत्येकाचं वेगळं. त्यापेक्षा गेल्या ७ दिवसांतले व्यायामाचे दिवस विचारा. झोपायची-उठायची वेळ कॉलेजच्या दिवसांची वेगळी विचारा, सुट्टीची वेगळी. पीएचक्यू मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर भरून घेतलीत तर परीक्षेचाच ताण मोजाल.

गुणांची दिशा उलटी पडणं तर नेहमीचंच. डब्ल्यूएचओ-५ या मनःस्वास्थ्य मोजणाऱ्या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीत उत्तरांच्या बेरजेला ४ ने गुणून ० ते १०० गुण येतात आणि जास्त गुण म्हणजे मन बरं. पीएचक्यू-९ मध्ये ० ते २७, आणि जास्त म्हणजे त्रास जास्त. दोन्हींचे आकडे हातात हात घालून वर जाताना दिसले, तर आधी एक्सेलमधलं सूत्र तपासा. रिकामं उत्तर शून्य धरू नका.

पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी, एवढंच समजा. अहवालात ‘इतक्या टक्के मुलांना नैराश्य आहे’ असं लिहू नका. निदान प्रत्यक्ष भेटीत होतं. तसंच कमी झोपणारे जास्त उदास दिसले, म्हणून जागरणामुळे उदासी आली असं एकाच वेळच्या पाहणीतून ठरत नाही. उदासीमुळेही झोप उडते. आधी काय आलं हा क्रम समजायला त्याच विद्यार्थ्यांना काही महिन्यांनी पुन्हा विचारावं लागतं.