आधी बोट, मग माऊस

सोलापुरात नववीला भूगोल शिकवतो. इंटरनेट वापराचे हलते आलेख पहिल्यांदा वर्गात दाखवले तो तास पार वाया गेला. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या आकडेवारीच्या संकेतस्थळावरचा जगाचा नकाशा प्रोजेक्टरवर लावला, प्लेचं बटण दाबलं. वर्षं सरकत गेली तसे देश गडद होत गेले. पोरं "भारी, सर!" म्हणाली, मीही खूश. मग विचारलं, गडद म्हणजे काय? वर्ग चिडीचूप. शेवटी एकजण धीर करून म्हणाला, "जिथं रेंज चांगली, तिथं गडद." खरं तर जिथं नेट वापरणाऱ्यांचे टक्के जास्त, तिथं गडद.

तेव्हापासून पहिली पंधरा मिनिटं माऊसला हात लावायचा नाही. शीर्षक, अक्ष, एकक, सगळं बोट ठेवून वाचायचं. ही युक्ती माझी नाही. एका मुलाचे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर विणायची नक्षी आलेखाच्या कागदावर काढायचे. तो आधी आडवे चौकोन मोजायचा, मग उभे. म्हणाला, "एक घर चुकलं तर मोराची मान वाकडी होते, सर."

खरी गडबड टक्के आणि माणसं यांत होते. आइसलँडची रेघ शंभराला टेकलेली दिसली की पोरांना वाटतं, सगळ्यात जास्त नेट तिथंच. मग लोकसंख्या काढायला लावतो. तिथं चार लाखांच्या आत माणसं. आपल्या शहरात २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाख. "म्हणजे अख्खं आइसलँड अर्ध्या सोलापुरात मावतंय की!" हे वाक्य वर्गातून आलं पाहिजे. तुम्ही आधीच सांगून टाकलंत तर मजा गेली.

नकाशात रेघारेघांनी भरलेले देश दिसले की मुलं तिथं शून्य धरतात. तिथं आकडाच नाही, हे एकदा ठासून सांगा.

वहीत आकड्याशेजारी तो कोणत्या वर्षीच्या अहवालातला, हेही लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ साली जगातले ६८ टक्के लोक ऑनलाइन असल्याचा अंदाज दिला होता. २०२५ च्या अहवालात त्याच २०२४ सालासाठी ७१ टक्के आले. माझ्या वर्गात दोन गटांनी दोन आकडे आणले आणि जुंपली. दोघंही बरोबर होते.

नेट जाणार, हे धरूनच चाला. इंटरनेटचा धडा आणि नेट बंद, यावर पोरं वर्षभर हसतात. चार स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो व्याख्येला. गेल्या तीन महिन्यांत कुठूनही, कुठल्याही उपकरणावर, एकदा जरी नेट वापरलं तरी माणूस वापरकर्ता. फोन स्वतःचा असायला हवा असं नाही. हे कळलं की घरची माणसं मोजून आणायला सांगतो. एप्रिलमध्ये एक मुलगी वही घेऊन आली. सगळ्यांपुढे बरोबरची खूण, आज्जीपुढे प्रश्नचिन्ह. म्हणाली, "सर, आज्जीनं गड्ड्याच्या जत्रेत आत्याला व्हिडिओ कॉल केलाता, माझ्याच फोनवरून. तीन महिने व्हायला चार दिवस कमी हैत. धरू का?"