साथीदार गेल्यावरचा एकट्याचा अल्बम: आधी ड्रम्स

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४मध्ये गेला. त्याच ऑक्टोबरात निर्वानाचा ड्रमर डेव्ह ग्रोल सिॲटलजवळच्या रॉबर्ट लँग स्टुडिओत आठवडाभर बसला आणि फू फायटर्स या आपल्या नव्या बँडचा पहिला अल्बम घेऊन बाहेर पडला. एका गाण्यातली पाहुण्याची गिटार सोडली तर सगळं वाजवणं-गाणं त्याचंच. हे आठवड्यात उरकलं, कारण त्यातली बरीच गाणी आधीच तयार होती. शिवाय सोबतीला निर्माता बॅरेट जोन्स होता. १९९२च्या एकट्याने वाजवलेल्या कॅसेटमधली काही गाणी ग्रोलने त्याच्याचबरोबर केली होती. तेव्हा स्टुडिओत गाणी रचायला जाऊ नका. चाल, शब्द, वेग, सगळं घरी ठरवून जा.

ड्रम्स पहिले. आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) साधी गिटार आणि गुणगुणणं असा गाइड ट्रॅक, म्हणजे वाट दाखवणारं कच्चं रेकॉर्डिंग घ्या, सुरुवातीला दोन बार (तालाची आवर्तनं) मोजणी ठेवा. समोर कुणी गात नसलं की ड्रमर हमखास बार चुकतो, म्हणून ‘कडवं १६, ध्रुवपद ८’ असा कागद स्टँडला चिकटवा. चार माइक पुरतात: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) आणि वर टांगलेले दोन ओव्हरहेड. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंतचं अंतर सुतळीने मोजून सारखं करा. ते सारखं नसेल तर एकच ठोका दोनदा पोचतो आणि स्नेअर पोकळ ऐकू येते. मिक्स मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून बघा, लगेच कळतं. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगला लेव्हलची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली तरी भरपूर झालं.

आता खरी अडचण. चौघांच्या बँडमध्ये एक जण पुढे धावतो, दुसरा मागे रेंगाळतो आणि त्या ओढाताणीतून ठेका झुलतो. एकटा माणूस प्रत्येक वाद्यावर त्याच जागी धावतो, त्यामुळे रेकॉर्ड घट्ट पण निर्जीव होतं. यावर उपाय म्हणजे बास दुसऱ्या दिवशी घ्यायचा आणि तो वाजवताना हेडफोनमध्ये क्लिक बंद करून फक्त किक-स्नेअर ऐकायचे. गेलेला साथीदार बास वाजवत असेल तर त्याच्यासारखं वाजवायचा मोह होतोच. तो टाळलेला बरा; नक्कल दुसऱ्याच गाण्यात उघडी पडते.

गिटार डावी-उजवीकडे पसरायची तर खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर आवाज पसरत नाही, मध्येच मोठा होतो. प्रत्येक टेकआधी ट्यून करा, नव्या तारा आधी ताणून घ्या.

ग्रोलला स्वतःच्या गळ्याची खात्री नव्हती, म्हणून त्याने आवाजावर आवाज चढवले. तुम्हीही चढवा, पण दुसऱ्या टेकमध्ये ओळीच्या शेवटचे ‘स’ आणि ‘त’ जवळजवळ गिळून टाका, नाहीतर ते दोनदा टकटकतात. ड्रम्सच्या दिवशी गाऊ नका, कान बधिरलेले असतात.

साथीदाराची जुनी कॅसेट वापरायची असेल तर तिला आधी हात घाला, शेवटी नको. कॅसेट डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ॲझिमथचा (हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा) स्क्रू वरच्या पट्टीचे आवाज सर्वांत स्वच्छ येतील तिथपर्यंत हलवा आणि एकदाच नीट डिजिटल प्रत काढा. ती तीन ठिकाणी ठेवा. डेकचा वेग एक टक्का जरी चुकला तरी सूर साधारण १७ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सरकतो. गिटार त्या टेपला लावा, टेप गिटारला नको. क्लिकशिवाय गायलेलं असेल तर त्याच्या गाण्यावरूनच टेम्पो-मॅप, म्हणजे बदलत्या वेगाचा आराखडा आखा. आवाज ताणून ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान ठोक्यांच्या रेघांवर) बसवला की स्वरांची शेपटं थरथरू लागतात.

आणि लेखी संमती. भारतात गीत-संगीताचा कॉपीराइट रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे सही वारसांची लागते. ती मिक्सिंगच्या आधी घ्या. नकार नंतर आला तर त्या आवाजाभोवती बांधलेलं अख्खं गाणं उसवावं लागतं.