पिकअपचं एसी पॅनेल: खड्ड्यात बंद, थाप मारली की चालू

ब्लोअर सगळ्या स्पीडवर नीट, पण एसीचं बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा भाग) कधी ओढायचा, कधी नाही. पॅनेलवर थाप मारली की सुरू. अशी लक्षणं असतील तर गॅस भरायला धावू नका; गॅस कमी असेल तर थापेने फरक पडत नाही, दोष बहुधा पॅनेलमधल्या जोडात असतो. फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) मात्र आधी तपासा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. भोवतालची पट्टी प्लॅस्टिकच्या पातीनेच उचला, स्क्रूड्रायव्हरने क्लिपा तुटतात. मागे केबल असेल तर सोडवण्याआधी फोटो काढाच.

पॅनेल बाहेर काढून त्यातल्या सर्किट बोर्डवरच्या कनेक्टरच्या पिना भिंगातून पाहा. माझ्या बोर्डवर दोन पिनांभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती, म्हणजे सोल्डर (पिना बोर्डला जोडणारा, वितळवून लावलेला धातू) तडकलेलं. रस्त्याचे हादरे आणि रोजचं तापणं-गार होणं यानेच हे होतं. वरून नुसतं नवं सोल्डर थापू नका; आतला ऑक्साइड तसाच राहतो, तडा परत येतो. जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या बारीक तारांची वेणी) शोषून घ्या, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावा, सोल्डरिंग आयर्न 350 अंश सेल्सिअसवर ठेवून 60/40 (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) सोल्डर भरा. एका पिनेला दोन-तीन सेकंद पुरे; जास्त धरलं तर बोर्डवरचं तांबं उचलतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मल्टिमीटर बझरवर (जोड सलग असेल तर वाजणारी सेटिंग) ठेवून पिना हलवून बघा. बझर तुटता कामा नये.

कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर त्यातलं सैल टर्मिनलही बदला, नाहीतर तेच तापून नवा जोड पुन्हा खराब करेल.