जुन्या पद्मिनीची कॉइल रिव्हेट नटवर पक्की कशी बसवावी

खड्ड्यात चाक आदळलं की गाडी क्षणभर श्वास सोडायची आणि पुन्हा चालू लागायची. प्लग बदलले, सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे-जोडणारे संपर्क) घासून गॅप लावला, कंडेन्सर नवा घातला, तरी मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, जाईना. शेवटी इंजिन चालू असताना कॉइलच्या, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या डब्याच्या, क्लॅम्पला लाकडी दांड्याने हलकेच ढोसलं आणि इंजिन अडखळलं. क्लॅम्प धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक नावापुरता उरला होता आणि दुसऱ्याचं भोक लांबट होऊन गेलं होतं. कॉइल हलत होती, तिच्याबरोबर तारेचं टोक हलत होतं आणि टोकातले तांब्याचे केस एकेक करून तुटत होते.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या घराघरांत अजून जिवापाड सांभाळलेल्या आहेत. अशा गाडीच्या पत्र्याला आता दुसरा पत्रा मिळणार नाही, म्हणून त्यात पाडलेलं प्रत्येक भोक विचार करून पाडावं लागतं. खाली जी पद्धत सांगतो आहे ती पद्मिनीवर केलेली आहे. अँबेसेडर असो की मॉरिस मायनर, पत्र्यावर गोल डब्याची कॉइल असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला ती लागू पडते.

पत्र्याचा स्क्रू इथे का टिकत नाही

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. हे सगळं काम एक कॉइल करते. तेलाने भरलेला तो धातूचा डबा हाताला चांगला जड लागतो आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का त्याच्या बुडाशी असलेल्या दोन स्क्रूंवर येतो. पत्रा असतो एखाद्या मिलिमीटरचा. त्यात टॅपिंग स्क्रूचा जेमतेम एक आटा बसतो. स्क्रू दोनचार वेळा काढला-घातला की तो आटाही जातो. मग मेकॅनिक जाड स्क्रू मारतो, पुढच्या वेळी त्याहून जाड, आणि भोक मोठं होत जातं.

पलीकडे हात पोचत असेल तर साधा नट-बोल्ट लावा, त्याच्यासारखं उत्तम काही नाही. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने कॉइल फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर, हलवलेली आहे. तिच्या मागे डॅशबोर्ड, वायरिंगची जुडी आणि आवाज दाबायचा जाड नमदा. तिथे पाना धरायला हात जात नाही. अशा ठिकाणी रिव्हेट नट कामाला येतो. बाहेरून कॉलर आणि आतून आटे असलेली ही एक नळी असते. ती भोकात घालून आटे ओढले की पत्र्यामागचा तिचा भाग फुगून दुमडतो आणि पत्रा कॉलर व त्या फुगवट्याच्या मध्ये धरला जातो. एका बाजूने काम करून पातळ पत्र्यात पूर्ण आटे मिळतात. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने १९३०च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ झाडणारे रबरी पट्टे बसवण्यासाठी हा नट काढला. पंखाच्या पोकळीतही मागून हात घालायची सोय नव्हती, अडचण अगदी आपल्यासारखीच.

काय आणावं

एम ६ मापाचे, झिंक मुलामा दिलेले लोखंडी रिव्हेट नट घ्या, अंगावर उभ्या रेघा असलेले. या रेघा भोकाच्या कडेत रुततात आणि नट गरागरा फिरण्यापासून वाचतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरवाल्याकडे ते सुटेही मिळतात. घेताना लोहचुंबक बरोबर ठेवा. मला एका दुकानात लोखंडी म्हणून ॲल्युमिनियमचे नट मिळाले होते आणि घरी येऊन चुंबक लावल्यावर ते कळलं. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम व लोखंड एकमेकांना लागून राहिले की गंज लवकर धरतो. स्टेनलेसचे नट हातयंत्राने दाबायला फार कठीण जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पाकिटावर दोन आकडे पाहा: भोकाचं माप आणि पत्र्याची जाडी. एम ६ला साधारणपणे ९ मिमीचं भोक लागतं आणि ०.५ ते ३ मिमी जाडीचा पत्रा चालतो. पाकिटावर वेगळं माप असेल तर तेच खरं. चाकाच्या बाजूच्या पत्र्यावर काम असेल तर मागून बंद असलेले नट मागा, नाहीतर पावसाळ्यात चिखलाचं पाणी आट्यांतून थेट इंजिनाच्या खोलीत येतं.

याशिवाय रिव्हेट नट दाबायचं हातयंत्र, एम ६चे दोन बोल्ट, स्प्रिंग वायसर, साधे वायसर, सेंटर पंच, ड्रिलचे ३, ६ आणि ९ मिमीचे बिट, बारीक गोल कानस आणि झिंक किंवा रेड ऑक्साइड प्रायमर. पायऱ्यांचा बिट पातळ पत्र्यात फार गोल भोक पाडतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच बिटांच्या पायऱ्या ४, ६, ८, १० अशा असतात, त्यांत ९ नसते. तसा असेल तर ८च्या पायरीवर थांबा आणि शेवटचा १ मिमी साध्या ९च्या बिटाने घ्या.

कॉइल उतरवणं

इग्निशन बंद करा आणि बॅटरीची ऋण तार सोडा. हे टाळू नका. साध्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या वेटोळ्याचा, रोध सुमारे ३ ओहम असतो. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर चारेक अँपिअर प्रवाह सतत वाहतो आणि कॉइल भाजून निघते. शिवाय ड्रिल करताना चुकून तार कापली गेली तरी बॅटरी सुटलेली असेल तर आगीचं भय राहत नाही.

तारांचा फोटो काढून ठेवा. पद्मिनीत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला आहे, म्हणून कॉइलच्या ऋण टोकाची तार डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) जाते आणि धन टोकाला किल्लीकडून येणारी. मॉरिस मायनरसारख्या धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत हे उलट. तारा उलट लागल्या तरी गाडी चालू होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंड सकाळी, चढावर ते जाणवतं.

कॉइल हातात आली की तिचं बूड आणि कड पाहा. तेलाचा ओशटपणा असेल तर कितीही पक्की बसवली तरी ती फार दिवस टिकणार नाही. क्लॅम्प वाकलेला असेल तर आत्ताच सरळ करून घ्या.

भोक

माझ्या मते या सगळ्या कामातला नव्वद टक्के जीव भोकात आहे. नट दाबायला अर्धं मिनिट पुरतं. भोकाला मी अख्खी सकाळ दिली आणि त्याचं मला समाधान आहे.

आधी डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चने पलीकडची बाजू पाहा. वायरिंगची जुडी बाजूला बांधा, नमदा मागे सारा. वायपरची दांडी भोकाच्या रेषेत येते का तेही पाहा. ड्रिलच्या बिटाला टोकापासून दीडेक सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पत्रा पार होताच हात थांबेल.

जुनी भोकं वापरता येतील तर नवी पाडू नका. जुनं भोक ९ मिमीच्या आत आणि बऱ्यापैकी गोल असेल तर तेच मोठं करा. लांबट झालेलं असेल तर थेट ड्रिल लावलं की बिट मोकळ्या बाजूला ओढला जातो. आधी गोल कानशीने अरुंद बाजू थोडी थोडी घासून भोक गोलाईवर आणा, मगच बिट लावा. भोक ९च्या वर गेलंच असेल तर दोन मार्ग उरतात: एम ८चा नट, ज्याला ११ मिमीचं भोक लागतं, किंवा पत्र्याचा तुकडा वेल्ड करून पुन्हा सुरुवात. "बसेल कसंतरी" म्हणून सैल भोकात एम ६ दाबू नका. मी पहिला नट साडेनऊच्या आसपास गेलेल्या भोकात दाबला होता. दाबताना छान वाटला आणि बोल्ट आवळताना जागच्या जागी फिरला.

नवं भोक पाडायचं असेल तर सेंटर पंचने खूण करा, ३ मिमीने सुरुवात करून ६ आणि मग ९. ड्रिलचा वेग कमी ठेवा, बिट पत्र्याला काटकोनात धरा आणि शेवटच्या क्षणी जोर काढून घ्या. दोन्ही भोकं एकाच वेळी आखू नका. पहिलं भोक पाडा, त्यात नट दाबा, क्लॅम्प त्यावर एका बोल्टने सैलसर लावा, सरळ करा आणि तेव्हाच दुसऱ्या भोकाची खूण घ्या. मग दोन बोल्ट एकमेकांशी भांडत नाहीत.

कडेची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कंगोरी, काढा, पण कड जास्त मारून भोक पसरट करू नका. उघड्या लोखंडावर प्रायमरचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. धूळ झटका, चुंबकाने चुरा उचला. हा चुरा नमद्यात राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

नट दाबणं

आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर दोन नट दाबून पाहा. हाताला जो अंदाज येतो तो वाचून येत नाही.

नट यंत्राच्या आटेदार दांड्यावर पूर्ण चढवा. दांड्याचं टोक पलीकडून किंचित बाहेर दिसायला हवं, नाहीतर सगळा जोर दोनतीन आट्यांवर येऊन ते ओढले जातात. मागून बंद असलेल्या नटात टोक दिसणार नाही, तिथे दांडा आत जाईल तितका फिरवा. नट भोकात घाला. तो अंगठ्याच्या दाबाने घट्टसर जायला हवा. कॉलर पत्र्याला चारी बाजूंनी टेकली आहे याची खात्री करा आणि यंत्र काटकोनात धरून दांडे सावकाश दाबा. सुरुवातीला लोण्यासारखं जातं, मग अचानक हाताला ठाम विरोध लागतो. तिथे थांबा. त्यापुढचा प्रत्येक दाब आट्यांच्या मुळावर येतो. दांडा उलटा फिरवून सोडवा आणि बोटांनी बोल्ट घालून पाहा. तो शेवटपर्यंत विनासायास फिरला की नट बसला.

यंत्र नसेल तरी काम अडत नाही. ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचा लांब एम ६ बोल्ट घ्या, त्यावर एक नट आणि दोन जाड वायसर चढवून तो रिव्हेट नटात घाला. वायसरांमध्ये ग्रीसचं बोट फिरवा. बोल्टचं डोकं एका पान्याने स्थिर धरून दुसऱ्या पान्याने वरचा नट कॉलरच्या दिशेने आवळत न्या. बोल्ट वर ओढला जातो आणि मागे फुगवटा तयार होतो. बोल्ट मात्र फिरता कामा नये.

नट फिरलाच तर कॉलर व्हाइस ग्रिपने धरून बोल्ट काढा आणि ९च्या बिटाने कॉलर ड्रिल करून टाका. मागचा तुकडा पलीकडे पडतो, तो शोधून काढा. डॅशबोर्डमागे राहिला तर खडखडत राहील, आणि वायरिंगवर जाऊन बसला तर त्याहून वाईट.

कॉइल बसवणं

क्लॅम्पचं भोक कॉलरपेक्षा लहान असायला हवं, म्हणजे बोल्ट आवळल्यावर क्लॅम्प कॉलरवर दाबला जातो. क्लॅम्पला मोठी खाच असेल तर बोल्ट नटाला पत्र्यातून बाहेर खेचू लागतो. तिथे क्लॅम्प आणि कॉलर यांच्यामध्ये जाड वायसर घाला. बोल्टच्या डोक्याखाली साधा वायसर आणि स्प्रिंग वायसर, आणि १०च्या छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर आवळा. लांब रॅचेट इथे नको.

क्लॅम्पखालचा रंग खरवडायची गरज नाही. साध्या डब्याच्या कॉइलला डब्यातून अर्थिंग लागत नाही, तिचा प्रवाह पॉइंटमधून जमिनीला जातो. उगाच रंग काढला तर गंजाला जागा मिळते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल त्याच बोल्टवर बसवलं असेल तर मात्र त्याला उघडा पत्रा किंवा अर्थिंगची वेगळी तार द्या.

कॉइल क्लॅम्पमध्ये सरकवा, टोकं वर येतील अशी उभी. तारेच्या टोकांमध्ये आणि पत्र्यामध्ये मोकळी जागा राहू द्या. क्लॅम्पचा आवळणारा स्क्रू कॉइल हाताने फिरणार नाही इतपतच आवळा. डबा दबला की शिवणीतून तेल झिरपतं. एक्झॉस्टपासून दूर आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड तार ताणली जाणार नाही, अशी जागा हवी. धक्क्याने तुटलेलं तारेचं टोक कापून नवं लावा आणि तारेला थोडा सैल वळसा ठेवा.

बॅटरी जोडा, गाडी चालू करा. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून एकदा पाहा: जाड तारेच्या भोवती किंवा कॉइलच्या टोपीवर निळसर ठिणगी रेंगाळताना दिसली तर टोपी पुसून कोरडी करा, तरी राहिली तर तार बदला. बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. शंभरेक किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट ढिला झाला आहे, पुन्हा आवळा. माझ्या गाडीत ती दोन पावसाळ्यांनंतरही सरळ आहे.