कोंबडीच्या तळव्यावरची काळी खपली: बंबलफूट ओळखा, बरा करा

कोंबडी दुखणे लपवते. ती लंगडताना दिसते तेव्हा आजार बराच आत गेलेला असतो. म्हणून लंगडण्याची वाट पाहू नका. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकीला उचलून तळवे बघा. अंधार पडून त्या दांडीवर बसल्या की पकडायला सोप्या जातात.

तळव्याच्या मधल्या गादीवर काळी किंवा तपकिरी गोल खपली, भोवती सूज आणि बोटाला जाणवणारी ऊब असेल, तर तो बहुधा बंबलफूटच, म्हणजे तळव्याचा जंतुसंसर्ग. कुठेतरी कुसळ रुतते, कातडी खरचटते आणि त्यातून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पायावरचे खवले उचलले जाऊन खडबडीत झाले असतील, तर ती खवल्यांखालच्या सूक्ष्म किडीची बाधा, तिचे उपचार वेगळे. वरचा सांधा सुजून गरम लागत असेल, किंवा एक पाय पुढे आणि एक मागे टाकून कोंबडी पडून राहत असेल, तर पाय भिजवण्यात वेळ घालवू नका, थेट पशुवैद्य गाठा.

हातमोजे घाला. हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात.

लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवा आणि पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. कोंबडीला टॉवेलात गुंडाळून डोळे झाकले की ती शांत बसते. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय पुसून पोविडोन आयोडीन लावा.

आता ती पायरी, जी मलाही फार जड गेली आणि जिच्याबद्दल सर्वांत चुकीचे सल्ले मिळतात: आतला पू.

माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, दाबला की वाहतो. कोंबडीचा तसा नसतो. पू पातळ करणारे एक विकर (एन्झाइम) तिच्या पांढऱ्या पेशींत नसते, त्यामुळे तो आतच घट्ट होऊन खोडरबरासारखी पिवळट गाठ बनते. ती पिळून बाहेर येणार नाही. पिळलेत तर जंतू मात्र खोल ढकलले जातात, आणि गादीच्या लगेच खाली बोटे वाकवणारे स्नायुबंध आहेत. संसर्ग तिथे पोहोचला की हाडही दूर राहत नाही.

म्हणूनच ‘ब्लेडने चीर द्या आणि गाठ काढा’ हा सल्ला मला मान्य नाही. भूल न देता जिवंत तळवा कापायचा, तोही स्नायुबंध कुठे आहे हे न दिसता! कापायची वेळ आली असेल तर ते काम पशुवैद्याचे.

घरी करायचे ते एवढेच: रोज दोनदा भिजवायचे आणि थांबायचे. काही दिवसांत खपलीची कड पांढुरकी, मऊ होते. ओल्या गॉजने कड हलकेच चोळा. ती सुटत असेल तर निर्जंतुक चिमट्याने सावकाश उचला. नशिबाने गाठही तिला चिकटून वर येते. अडली किंवा रक्त आले की तिथेच थांबा, मलमपट्टी करा, उद्या पुन्हा भिजवा. आणि नुसती छोटी खपली असेल, सूज नसेल, तर तिला हातच लावू नका. भिजवणे, आयोडीन आणि कोरडी जागा एवढ्याने ती बहुतेकदा बरी होते.

हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, भरून येणारी नवी कातडी त्याने जळते. सुन्न करणारे औषध मिसळलेले मलमही पक्ष्याला लावू नका.

पट्टी: जखमेवर न चिकटणारे गॉज, त्यावर स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी, बोटांमधून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. बोटांची टोके उघडी राहू द्या आणि तासाभराने चाचपून बघा. गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. पट्टी रोज बदला. ओली झाली तर तेव्हाच.

आठवडाभरात सूज उतरली नाही, ती नडगीकडे चढू लागली किंवा कोंबडीने दाणा सोडला, तर पशुवैद्याकडे न्या. प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नका, आणि ते चालू असताना व नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्या.

खुराडे तसेच ठेवलेत तर पाय पुन्हा सुजणार. दांडी गुळगुळीत, गोलसर कडांची आणि सुमारे पाच सेंटिमीटर रुंद हवी. फार उंच नको, कारण जड कोंबडी रोज सकाळी तिथून तळव्यांवर आदळते. खालचा भुसा ओला दिसला की त्याच दिवशी बदला. दांडीवरून हात फिरवा, कुसळ लागले तर घासून काढा.