पहिला बर्फ पडायच्या आधी

माझ्या पहिल्या हिवाळ्यातला सगळ्यात थंड दिवस दिसायला सगळ्यात देखणा होता. निळंशार आभाळ, बर्फावर डोळे दिपवणारं ऊन, झाडाची काडीही हलत नव्हती. मी गरम, दमट हवेत वाढलेली. ऊन दिसलं की अंगातला स्वेटर काढायचा, एवढंच मला ठाऊक. खिडकीतून बघितलं, पातळ जॅकेट चढवलं आणि निघाले. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला नाकात काहीतरी टोचायला लागलं. नाकातले केस गोठले होते. पारा उणे २१ वर होता. ऑफिसात पोचले तेव्हा बोलायला तोंड उघडलं तर ओठ हलेनात. शेजारच्या टेबलावरचे वयाने मोठे सहकारी माझ्या जॅकेटकडे बघून एवढंच म्हणाले, "खिडकीतून बघून कपडे ठरवत जाऊ नका. आभाळ स्वच्छ असलं की जपायचं."

त्यांचं बरोबर होतं. ढग पांघरुणाचं काम करतात. ते नसले की रात्री जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि सकाळ कडकडीत उगवते. बर्फ भुरभुरत असतो तो दिवस उलट बराच सौम्य असतो.

नोकरीसाठी देशाच्या या टोकाला येणारे बहुतेकजण माझ्यासारखेच गाफील असतात. देश तोच, चलन तेच, व्हिसाची भानगड नाही, म्हणून सगळा विचार सामान कसं हलवायचं आणि घर कुठे घ्यायचं एवढ्यावरच संपतो. हवेच्या बाबतीत मात्र तुम्ही सरळसरळ परमुलखात आलेले असता. माझा हा चौदावा हिवाळा. मला विचाराल तर इथे थंडीपेक्षा ओलीला जास्त भ्यायला हवं. कोरडा माणूस उणे २० मध्येही बस येईपर्यंत गप्पा मारत उभा राहतो. ओल्या मोज्यांचा माणूस शून्याच्या आसपासही रडकुंडीला येतो. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. खालचं बरंचसं या एका गोष्टीपाशीच येऊन थांबणार आहे.

कपडे येण्याआधी घेऊ नका. गरम प्रदेशातल्या दुकानात मिळणारा जाडजूड कोट दिसायला भारदस्त असतो, पण तो डोंगरावर चार दिवस फिरायला जाणाऱ्यांसाठी असतो. इथे येऊन, इथले लोक जिथे घेतात तिथेच घ्या. पैसे बेताचे असतील तर आधी बूट, मग कोट, बाकी सगळं नंतर. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे हवेत. मी पहिल्या वर्षी घट्ट बुटांत मोज्यांचे तीन जोड कोंबले आणि बोटं बधिर का होतात याचं नवल करत बसले. मोजे दाबले गेले की त्यांच्यात हवा उरत नाही, आणि ऊब देते ती हवाच. वर रक्तही नीट खेळत नाही. लोकरीचा एकच जाड मोजा आणि आत बोटं हलवायला जागा, यापेक्षा भारी उपाय मला अजून सापडलेला नाही.

अंगाला लागून सुती कपडा नको. आपल्याला सुती म्हणजे आरामाचं असं वाटतं, कारण उन्हाळ्यात तो घाम शोषतो. हिवाळ्यात तो घाम शोषतो आणि धरून ठेवतो, हीच अडचण. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, मधे ऊब धरणारा थर, वर वारा अडवणारा कोट. कोट कंबरेच्या खाली आलेला असावा. पिसांचा कोट हलका आणि उबदार असतो, पण भिजला की त्याचा काही उपयोग नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. बर्फ उपसताना किंवा बस पकडायला धावताना घाम यायच्या आधीच चेन उघडा. घाम आल्यावर उघडली तर उशीर झालेला असतो. हातमोजे सुट्या बोटांचे न घेता चार बोटं एकत्र राहणारे घ्या. फोन वापरताना पंचाईत होते, पण बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि केस धुऊन ओले ठेवून बाहेर पडू नका. मी पडले होते. बसस्टॉपवर वेणीला हात लावला तर ती काठीसारखी कडक लागली.

हवामानाच्या अंदाजात तुम्हाला दोन आकडे दिसतील, एक तापमानाचा आणि दुसरा वाऱ्यासकट जाणवणाऱ्या गारठ्याचा. या दुसऱ्याला विंडचिल म्हणतात. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची नळकांडी वाऱ्यात टांगून ती किती वेळात गोठते ते मोजलं. या कल्पनेचा उगम तिथला. सूत्र पुढे २००१ मध्ये बदललं, माणसाच्या चेहऱ्याचा हिशोब धरून. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. कपडे दुसऱ्या आकड्यावर ठरवा, गाडी आणि नळ यांची काळजी पहिल्यावर. वारा कितीही सुटला तरी निर्जीव वस्तू हवेपेक्षा जास्त थंड होत नाही. विंडचिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी पांढरी पडून बधिर झाली तर आत जा आणि कोमट पाणी वापरा. चोळू मात्र नका, बर्फाने तर अजिबात नको. शेकोटीपाशी किंवा हीटरला चिकटूनही बसू नका, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. कुणी कुडकुडायचं थांबून अडखळत बोलायला लागला, हातातलं पडायला लागलं, तर तो सरावला असं समजू नका. त्याच्या शरीराचं तापमान घसरतंय. तात्काळ मदत बोलवा.

घर बघायला बहुतेकजण उन्हाळ्यात येतात, आणि उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात. घरमालकाला चार प्रश्न विचारा. हीटिंग भाड्यात धरलंय का? नसेल तर गेल्या हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड महिन्याचं बिल दाखवाल का? बर्फ कोण काढतं? गाडी छपराखाली राहते का? माझ्या पहिल्या घरमालकाने यातल्या दुसऱ्या प्रश्नाला "काही फार येत नाही" असं हसून उत्तर दिलं होतं. कागद दाखवला नाही. मीही मागितला नाही. त्या घराच्या खिडक्यांच्या फटींतून इतका वारा यायचा की पडदा हलायचा, आणि हीटर दिवसरात्र धापा टाकत असायचा. फट शोधायची असेल तर हाताची मागची बाजू ओली करून चौकटीभोवती फिरवा. गार झुळूक जिथे लागेल तिथे पट्टी चिकटवा.

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. गंमत अशी की फुटल्याचं कळतं ते बर्फ वितळल्यावर. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर कडाक्याच्या रात्री त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब आत शिरेल, आणि नळ बारीक धारेने चालू ठेवा. चार दिवस बाहेरगावी जाताना वीज वाचवायची म्हणून हीटर बंद करायचा मोह होतो. करू नका. आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरात राहायला आल्या दिवशीच बघून ठेवा. मध्यरात्री घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून तो शोधणं कसं असतं, ते मी अनुभवाने सांगते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे ना, आणि चालतो ना, हे तपासा. या वायूला वास नसतो, रंग नसतो. वादळानंतर भिंतीबाहेरचं हीटरचं धुरांडं बर्फाने बुजलेलं असू शकतं, ते मोकळं करा. गाडीचंही तेच: सायलेन्सरचं तोंड बर्फात गाडलेलं असताना आत बसून इंजिन चालू करायचं नाही.

बाहेर ओल नको आणि घरात मात्र हवा कोरडी ठाक, हा इथला उफराटा न्याय. उणे १० ची हवा आत घेऊन २१ पर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घ्या आणि आर्द्रता तीस-चाळीसच्या मधे ठेवा. खिडकीच्या काचेवर पाणी साचायला लागलं तर कमी करा, नाहीतर चौकटीत बुरशी धरते. अंघोळीनंतर अंग थोडं दमट असतानाच क्रीम लावा.

गाडी चालवत असाल तर हिवाळी टायर हा खर्च टाळू नका. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, त्यामुळे बर्फ नसला तरी पकड कमी होते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाबही एक पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास उतरतो, म्हणून पहिल्या गारठ्यात डॅशबोर्डवर दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरा. बॅटरी जुनी असेल तर हिवाळ्याआधी तपासून घ्या. उणे १८ ला तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते. काच धुण्याचं पाणी हिवाळी प्रकारचंच भरा. मी जुन्या गावाहून भरून आणलेलं तसंच ठेवलं होतं. समोरच्या ट्रकने चिखल उडवला, मी बटण दाबलं आणि क्षणात सगळी काच पांढरी झाली. बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली, तेव्हापासून हे वाक्य मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते.

रस्त्यावर गोठलेल्या बर्फाच्या पातळ थराला ब्लॅक आइस म्हणतात, पण तो काळा नसतो. तो पारदर्शक असतो, खालचा डांबरी रस्ता दिसतो म्हणून काळा वाटतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. गाडी घसरली तर ब्रेक दाबून धरू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि जायचंय त्या दिशेला बघत हळूच स्टिअरिंग वळवा. पहिल्या बर्फानंतर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये मुद्दाम घसरून बघा. अर्धा तास पुरतो. आणि मीठ टाकलंय म्हणून रस्ता सुरक्षित समजू नका: उणे ९ च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. चालताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. बदकासारखं दिसतं. दिसू द्या.

नोकरीबद्दल थोडंसंच. रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर बर्फाआधीचे सहा आठवडे मागून घ्या. नवीन काम, नवीन रस्ता आणि नवीन ऋतू तिन्ही एकदम अंगावर घेऊ नका. वादळाच्या दिवशी ऑफिस बंद आहे हे कोण ठरवतं, किती वाजता कळवतं, घरून काम चालतं का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. लाजायचं कारण नाही. इथे हवेबद्दल बोलणं म्हणजे नुसती औपचारिकता नसते, त्यातून खरी माहिती मिळते. रोज पंधरा मिनिटं आधी निघा, काच खरवडायलाच पाच जातात. ऑफिसात टेबलाखाली घालायला वेगळे बूट आणि मोज्यांचा कोरडा जोड ठेवा.

अंधाराबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. ४५ अक्षांशावर सगळ्यात लहान दिवस पावणेनऊ तासांचा असतो, ६० वर सहाहूनही कमी. अंधारात जायचं, अंधारात यायचं. मला वाटायचं नोकरी आवडत नाहीये, आपलं चुकलं. सुट्टीत दिवसभर झोपायचे, माणसं नकोशी व्हायची. डॉक्टरांनी या प्रकाराला नाव आहे असं सांगितलं तेव्हा निम्मं ओझं उतरलं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतूसोबत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं होतं. दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास बसायला लागल्यावर मला फरक पडला. तुम्हीही डॉक्टरांना विचारूनच करा, ड जीवनसत्त्वाचंही त्यांनाच विचारा. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं का होईना बाहेर चालून या. नोकरी सोडायची की नाही हा निर्णय तेवढा वसंतापर्यंत लांबणीवर टाका.

आणि दिवस मोठा व्हायला लागला म्हणून हुरळून बूट आत टाकू नका. सगळ्यात लहान दिवस उलटल्यावरही गारठा कित्येक आठवडे वाढतच जातो. शेवटी वितळायला लागतं तेव्हा दुपारी फुटपाथवर डबकी आणि रात्री त्यांचाच आरसा होतो. माझं मनगट मोडलं ते उणे २१ च्या सकाळी नाही. बाहेर चार अंश होते, मी कोटाची चेन उघडी टाकून साध्या बुटांत, गुणगुणत घरी चालले होते, आणि इमारतीच्या सावलीत दुपारचं पाणी पुन्हा गोठलं होतं.